रिकाम्या कार्डाला लॉक

श्रुतिका : मार्तंड, सोड त्याला! सोड म्हणते ना! माझी मशीनं चालू आहेत टेबलावर. त्याचं डोकं आपटायला दुसरी जागा शोध.

मार्तंड : तू मधे पडू नको, श्रुतिका. ह्याला मी फरफटत आणलाय तो चहा पाजायला नाय. बोल रे केयूर. सांग तिला तुझ्या तोंडाने.

केयूर : सांगतो दादा, सांगतो... मान सोड. ताई, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट झालं, सगळं उडालं. हळदीचं. चुकून झालं, आईशप्पथ.

श्रुतिका : कुठल्या हळदीचं? दिशाच्या?

मार्तंड : दिशाच्या. माझ्या चुलतबहिणीच्या हळदीत माझा भाऊ नितेश मारला गेला आणि हा तिथे कॅमेरा घेऊन उभा होता. लाल दिवा चालू होता, मी बघितलाय. पोलिसांना सांगितलं, बॅटरी संपली होती. मला सांगितलं, एडिटिंगला दिलंय. आज स्टुडिओत गेलो तर म्हणतो फॉरमॅट झालं. किती वेळा चुना लावशील रे मला?

श्रुतिका : आणि ही बोटं काय झाली ह्याची? ए केयूर, हात दाखव. अरे देवा. ही दोन तर मोडलीत.

मार्तंड : स्टुडिओच्या शटरमध्ये आली.

श्रुतिका : आली की घातलीस?

मार्तंड : घातली. आणि शटर खाली ओढलं. डावा हात बाकी आहे अजून.

श्रुतिका : लाज वाटते का तुला? नितेशचा जिगरी दोस्त हा. तुमच्याच घरात जेवून मोठा झालाय.

मार्तंड : म्हणूनच जिवंत आहे. दुसरा कोण असता तर इथपर्यंत आला नसता. आता तू कार्ड बघ. उडालेलं परत आणतेस ना तू? बाहेर बोर्ड लावलायस एवढा मोठा.

श्रुतिका : आधी तो कोयता उचल माझ्या टेबलावरून.

मार्तंड : तो काय चावत नाय.

श्रुतिका : मार्तंड, आपण एका वर्गात होतो म्हणून सांगते. हा माझा गाळा आहे. रविवार आहे, आजूबाजूचे गाळे बंद आहेत, म्हणून तुला वाटत असेल कोण ऐकायला नाही. पण मी कोयत्याखाली काम करत नाही. आधी खाली ठेव.

मार्तंड : ठेवला. बघ, पायाशी ठेवला. झालं समाधान?

श्रुतिका : केयूर, खुर्चीवर बस. तो रुमाल घट्ट गुंडाळ. मी डॉक्टरला फोन लावते.

मार्तंड : फोन कोण लावणार नाय. कार्ड झालं की मी स्वतः नेतो त्याला दवाखान्यात. आणि ऐक, तुला सगळं सांगूनच टाकतो, म्हणजे टाइमपास करणार नाहीस. शिवदास जामिनावर सुटला. परवा.

श्रुतिका : कोण शिवदास? तो डीजेवाला?

मार्तंड : तोच. मुलुंडला बहिणीकडे लपलाय. माझा मामेभाऊ खंडू सकाळपासून त्याच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून आहे. चार पोरं आहेत सोबत. माझा फोन गेला की पाच मिनिटांत खेळ खलास.

श्रुतिका : वेडा झालास?

मार्तंड : वेडा झालो असतो तर कालच केलं असतं. आईने तेराव्याला माझा हात धरला. म्हणाली, मार्तंडा, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ कोणी मारलं, मग काय करायचं ते कर, मी अडवणार नाही. शब्द दिलाय तिला, म्हणून आलो इथे. नायतर त्या भडव्याचं नाव अख्खं चारकोप घेतंय, मला बघायची काय गरज?

श्रुतिका : आणि काहीच नाही आलं परत तर?

मार्तंड : तर मी समजून चाललो. कार्ड ह्याने उडवलं, म्हणजे शिवदासने दम देऊन उडवायला लावलं. मग आईला सांगीन, बघायला काय ठेवलंच नाय त्यांनी. फोन लावीन खंडूला.

केयूर : दादा, शिवदासने मला काही सांगितलं नाही. कधीच नाही. त्याचा काय संबंध यार ह्यात...

मार्तंड : तू गप! तुझ्या तोंडून त्याचं नाव आलं ना तर दात घशात घालीन.

श्रुतिका : हात खाली! मार्तंड, हात खाली घे! आता परत मारलंस तर मी हे कार्ड चिमट्याने मोडून टाकीन. बघायचंय?

मार्तंड : नको. घेतला हात खाली.

श्रुतिका : बस तिकडे स्टुलावर. केयूर, दे कार्ड. फॉरमॅट कशात केलंस? लॅपटॉपवर की कॅमेऱ्यात?

केयूर : कॅमेऱ्यात.

श्रुतिका : त्यानंतर ह्यावर काही भरलंस? फोटो, व्हिडिओ, काहीही?

केयूर : नाही... म्हणजे, आठवत नाही.

श्रुतिका : नीट आठव. त्यावरच सगळं आहे.

मार्तंड : म्हणजे मिळेल?

श्रुतिका : हे बघ, फॉरमॅट केलं म्हणजे आतलं जळून जात नाही. बिल्डिंगखाली नावांचा बोर्ड असतो ना, कोण कुठल्या खोलीत राहतं तो? तो बोर्ड पुसला जातो, बस. माणसं आपापल्या खोलीतच असतात. पण कॅमेऱ्याला वाटतं सगळ्या खोल्या रिकाम्या आहेत. तू नवीन फोटो काढलास की तो कुठल्याही खोलीत नवीन भाडेकरू घुसवतो, आणि तो घुसला की आधीचा कायमचा गेला. म्हणून चुकून फॉरमॅट झालं की पहिलं काम, हात काढायचा. घाबरून लोक दहा ठिकाणी घालून बघतात आणि मग वाट लावून माझ्याकडे येतात.

मार्तंड : लेक्चर नको. सुरू कर.

श्रुतिका : करतेय. पण मूळ कार्डावर मी खेळत नाही. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढणार, मग त्या नकलेत शोधणार. वेळ लागेल. आणि तू मानेवर बसलास म्हणून मशीन पळणार नाही.

मार्तंड : फोन वाजतोय. खंडूचा. ...हॅलो. हॅलो! खंडू, काय ऐकाक येत नाय... अरे ह्या गाळ्यात रेंज का नाय तुझ्या?

श्रुतिका : सगळं लोखंड आहे इथे. जिन्यात जा, तिथे येते.

मार्तंड : दार उघडं ठेवतोय मी. केयूर, खुर्चीवरून उठलास तर पाय तोडीन. ...हां खंडू, आता बोल. खाली उतारलो? कोणाबरोबर?

श्रुतिका : गेला जिन्यात. आता हळू बोल आणि पटकन बोल. हे कार्ड लॉक का आहे?

केयूर : काय?

श्रुतिका : बाजूची ही बारकी पट्टी. खाली ओढलेली आहे. म्हणजे ह्यावर कोणी काही लिहू शकत नाही, पुसूही शकत नाही. लॉक असताना फॉरमॅट होतच नाही, केयूर. म्हणजे तू आधी फॉरमॅट केलंस आणि मग लॉक लावलंस. रिकाम्या कार्डाला लॉक कोण लावतं रे?

केयूर : सरकली असेल पट्टी. खिशात... घासून.

श्रुतिका : मला शेंड्या लावू नको. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी तू मोठ्याने विचारतोस, "दोन झाल्या?" म्हणजे दोन नकला काढून झाल्या का, आणि समोरचा "दोन झाल्या" म्हणेपर्यंत बटणाला हात लावत नाहीस. ती सवय मीच लावली तुला, माझ्याकडे शिकत होतास तेव्हा, लग्नाच्या पहिल्या सीझनला. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाडी हसायचे तुझ्यावर, तरी विचारायचास. आणि आज सांगतोस चुकून झालं?

केयूर : त्या दिवशी गडबड होती, ताई. नितेश आयसीयूत, तरी दुसऱ्या दिवशी लग्न उरकलं त्यांनी, मुहूर्त टळू नये म्हणून. लग्नाला कार्ड कमी पडत होतं, म्हणून मी...

श्रुतिका : लग्नाला हे कार्ड वापरलंस?

केयूर : हो.

श्रुतिका : मग लग्नाचा एक तरी फोटो दाखव. जेवढी नक्कल झालीय तेवढ्यात शोधतेय, यादी येतेय माझ्यासमोर. हळद, हळद, हळद. मेंदी. सगळी हळद. लग्नाची एक फ्रेम नाही. तू फॉरमॅट करून हे कार्ड कॅमेऱ्यात परत घातलंच नाहीस. बाजूला काढून ठेवलंस. कोणापासून लपवत होतास?

केयूर : ताई, पाया पडतो. बंद कर मशीन. त्याला सांग काही नाही मिळत. सांग गेलं सगळं.

श्रुतिका : ऐकलंस ना तो काय म्हणाला? नाही मिळालं तर तो मुलुंडला फोन लावणार आहे. माणूस मरेल तिकडे.

केयूर : मला माहीत नव्हतं गं असं होईल! मला वाटलं, व्हिडिओ नाही म्हणजे पुरावा नाही, शिवदास सुटेल, दोन-चार महिन्यांत सगळे शांत होतील. कोणाचंच काही बिघडणार नाही. कोयता घेऊन तो शिवदासच्या मागे लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

श्रुतिका : शिवदासने नाही मारलं?

केयूर : आधी दाराकडे बघ. ऐकत नाही ना तो?

श्रुतिका : केयूर. कोणी मारलं नितेशला?

केयूर : त्यानेच.

श्रुतिका : कोणी?

केयूर : जिन्यात उभा आहे त्याने. मार्तंडदादाने.

श्रुतिका : काय बोलतोस तू?

केयूर : हळू बोल! मुद्दाम नाही. दादाला माहीतही नाही. दहा वाजले म्हणून शिवदासने डीजे बंद केला. दादा प्यायलेला होता, म्हणाला माझ्या बहिणीची हळद आहे, वाजव. शिवदास नाही म्हणाला. दादाने मांडवाचा लोखंडी पाइप उपटला आणि दोन्ही हातांनी मागे नेला, शिवदासच्या डोक्यात घालायला. नितेश मागून त्याला मिठी मारायला धावला, थांबवायला. मागे नेलेलं टोक त्याच्या कानशिलात बसलं. तो जो आवाज झाला ना ताई... तेवढ्यात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, लाइट गेली, आरडाओरडा. लाइट आली तेव्हा नितेश खाली पडलेला आणि शिवदास त्याच्याजवळ बसून डोकं धरत होता. लोकांनी तेवढंच बघितलं. त्यालाच धरून तुडवला.

श्रुतिका : आणि तू त्याच रात्री क्लिप बघितलीस.

केयूर : घरी जाऊन. बाथरूममध्ये बसून. तीन वेळा बघितली, वाटलं माझीच नजर चुकतेय. सकाळी दादा भेटला हॉस्पिटलच्या बाहेर. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला तो, लहान पोरासारखा. मी काय सांगणार होतो त्याला? तूच सांग. तिथेच पार्किंगमध्ये बॅगेतून कॅमेरा काढला आणि फॉरमॅट मारलं. कोणाला विचारलं नाही, दोन झाल्या की एक झाली.

श्रुतिका : मग कार्ड फेकून का नाही दिलंस? पायाखाली घेतलं असतंस तर संपलं असतं. लॉक लावून जपून कशाला ठेवलंस?

केयूर : त्यात नितेश नाचतोय गं. अख्खा पाऊण तास नाचतोय. हळदीने पिवळा झालेला, कॅमेऱ्यासमोर येऊन मला शिव्या घालतोय, केयुऱ्या, मला हिरो कर म्हणून. दुसरीकडे कुठे आहे तो आता? माझा हात नाही धजावला.

श्रुतिका : अरे माझ्या राजा. बोटं मोडून घेतलीस, पण बोलला नाहीस.

केयूर : आता तू पण नको बोलू. तो जगणार नाही हे बघून. मी ओळखतो त्याला.

श्रुतिका : आणि नाही दाखवलं तर शिवदास जगणार नाही. त्याने काय केलं? वेळ झाली म्हणून स्पीकर बंद केला. एवढंच ना?

केयूर : पोलिसांना फोन लाव. मुलुंडच्या.

श्रुतिका : फोन टेबलावर आहे, रेंज जिन्यात आहे आणि जिन्यात तो आहे. नाही केयूर. त्याच्या आईने सांगितलंय ना स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणून, तर बघू दे त्याला. दुसऱ्या कशाने तो थांबणार नाही.

केयूर : तो तुला कापून काढेल.

श्रुतिका : काढू दे. गप्प, येतोय.

मार्तंड : काय कुजबुज चाललीय? झालं का? शिवदास खाली उतरलाय. भाचीला घेऊन दुकानात गेलाय. खंडू म्हणतो हीच वेळ आहे.

श्रुतिका : भाची सोबत आहे?

मार्तंड : चार वर्षांची आहे. तिला कोण हात लावणार नाय, आम्ही काय राक्षस आहोत? दुकानातून परत येईल तेव्हा लिफ्टजवळ धरतील. तू सांग, मिळालं की नाय?

श्रुतिका : मिळालं.

मार्तंड : काय? खरंच मिळालं?

श्रुतिका : सगळी हळद मिळाली. ती क्लिप पण. पण लावायच्या आधी माझं ऐक, मार्तंड. बस खाली.

मार्तंड : बसायचं-बिसायचं सोड. लाव.

केयूर : दादा, नको बघू. मी सांगतो ना, नको बघू. मला मार पाहिजे तर, दुसरा हात पण घे, हा घे...

मार्तंड : बाजूला हो! मॉनिटरचा पडदा सोड, बाजूला हो म्हणतो! बघितलंस श्रुतिका, किती पोट दुखतंय ह्याचं? शिवदासचा कुत्रा आहे साला. तुझं बघतो मी नंतर. लाव गं.

श्रुतिका : लावते. आवाज चालू आहे. हा मांडव. ह्या बायका. डीजे बंद झाला इथे.

मार्तंड : हां. हा मी. पाइप मीच उपटला, आठवतंय मला. कुठाय तो शिवदास? हा, समोर आहे. एक तर बसलाय त्याला माझा. हाताला कळतं ना, बसला की. त्याच्यानंतरच त्याने नितेशला...

श्रुतिका : त्याच्या हातात काय आहे बघ.

मार्तंड : रॉड असेल.

श्रुतिका : माइकची वायर आहे. गुंडाळतोय तो. आता मागे बघ. तुझ्या मागे.

मार्तंड : नितेश आहे. काय बोलतोय तो? थांब, आवाज वाढव. ..."दादा, बस झाला, चल घराक." माझ्याकडे बघून बोलतोय. मला ऐकू आलं नव्हतं हे. हे मी ऐकलंच नव्हतं, श्रुतिका. पुढे? पुढे जाऊ दे...

(क्लिप चालू राहते आणि संपते.)

मार्तंड : परत लाव.

श्रुतिका : नको, मार्तंड.

मार्तंड : परत लाव! हळू लाव. एक एक चित्र.

केयूर : दादा, बस ना आता...

मार्तंड : हा पाइप मागे चाललाय. हा तो पुढे आलाय. आणि हा... हा माझा हात आहे. माझं कडं आहे हातात. खोटं आहे हे. तुम्ही दोघांनी बनवलंय. आता बनवतात ना कॉम्प्युटरवर, कोणाचंही तोंड कोणालाही लावतात! सांग, बनवलंय ना?

श्रुतिका : इथे बसून, तुझ्या डोळ्यांदेखत? कार्डासकट तूच त्याला ओढून आणलंस रे.

मार्तंड : शिवदासच्या अंगावर जखम असेल! मी मारलाय त्याला. माझ्या हाताला कळलं होतं, जोरात बसला होता...

केयूर : तुझा पाइप त्याला लागलाच नाही, दादा. पोलिसांनी तपासलं होतं त्याला. जे वळ होते ते लोकांनी लाथा घातल्या त्याचे. पाइपचा एक पण नव्हता.

मार्तंड : म्हणजे जो बसला तो...

केयूर : हो.

मार्तंड : तुला माहीत होतं.

केयूर : हो.

मार्तंड : मी शटर ओढत होतो तुझ्या बोटांवर आणि तुला माहीत होतं. "चुकून झालं दादा, चुकून झालं" ओरडत होतास. भोसडीच्या, तेव्हा का नाय बोललास? बोटं तोडून घेतलीस, पण बोलला नाहीस? कोणी सांगितलं होतं तुला माझी दया करायला? पूस ते. श्रुतिका, पूस. आत्ताच्या आत्ता फॉरमॅट कर सगळं. कार्ड पण, तुझी नक्कल पण.

श्रुतिका : नाही करणार.

मार्तंड : कोयता कुठाय माझा? पूस म्हणतो ना! तुझ्या मशीनसकट तोडून टाकीन. हा बघ! हा घे तुझा पडदा! अजून काय फोडू?

श्रुतिका : फोड. पडद्यात काही नसतं. सगळे कॉम्प्युटरचे डबे फोड आणि मला पण तोड. पण एक सांग, डोळ्यांतलं कसं पुसशील? केयूरने पुसलं होतंच की. महिनाभर हा पोरगा झोपलेला नाही, त्याची अवस्था बघ. आणि तिकडे एक माणूस भाचीचा हात धरून दुकानातून घरी निघालाय. त्याने तुझ्या भावाचं डोकं मांडीवर धरलं होतं. पुढे बघितलंस का तू? लाइट आल्यावरचं? सगळे पळत होते, तू पण पाइप टाकून त्याला लाथा घालत होतास, आणि तो "पाणी आणा, पाणी आणा" ओरडत होता.

मार्तंड : गप बस.

श्रुतिका : नाही बसत. मला तुझा राग येतोय, मार्तंड, आणि रडायला पण येतंय. नितेशला मी ओळखत होते. तुझ्या पाठी पाठी फिरायचं ते पोर. पण आता गप्प बसले तर मी पण एक खून केला असं होईल.

मार्तंड : ह्या हाताने... ह्या हाताने रंग लावला होता त्याला संध्याकाळी. तोंडाला हळद फासली होती. हाच हात.

केयूर : दादा, काय करतोस? दादा! ताई, धर त्याला, हात टेबलावर ठेवलाय त्याने! कोयता... ताई!

श्रुतिका : मार्तंड! सोड! सोड तो! केयूर, पातं नको धरू, अरे तुझाच हात...

केयूर : आई गं! ...सोड ना दादा. सोड. तुटणार नाही तुझा हात, माझा तुटेल. सोड म्हणतो ना यार.

श्रुतिका : मिळाला. सोडला त्याने. मी कपाटामागे टाकते. केयूर, तळवा दाबून धर, वर धर. केवढं रक्त आहे. मार्तंड, बस तिथे जमिनीवर. हलू नको. श्वास घे.

मार्तंड : मी आवशीक काय सांगू? ती रोज विचारता, बघितलंस काय रे तेका? कसो दिसता? माणसासारखो दिसता काय?

केयूर : मी येतो तुझ्यासोबत. आपण दोघं सांगू काकीला.

मार्तंड : तू ये नको. तुझी बोटं बघून तिका अजून एक समाजतला.

श्रुतिका : ते नंतर. आधी फोन. मार्तंड, तो दुकानातून लिफ्टपाशी पोचेल आता. तुझा फोन वाजला नाही तर ती पोरं आपल्या डोक्याने काहीतरी करतील. ऊठ. मी धरते. जिन्यात चल. नंबर मी लावते, बोलायचं तुला.

मार्तंड : काय बोलू?

श्रुतिका : मला नको विचारू. घे, रिंग जातेय.

मार्तंड : खंडू... हां, मीच. खय आसस? लिफ्टकडे? पोरांका मागे घे. मागे घे म्हणतंय ना! तेका हात लावू नकात, तेना काय करूक नाय. पोरग्याक घेवन जाता ना वर? जावंदे. ...हां, बघितलंय. व्हिडिओ गावलो. दुसरोच होतो तो. ...नाय, तू ओळखतंस तेका. ...धरान ठेवक नको, पोलिसांकडे मीच घेवन जातंय. ...नाय रे खंडू. नाय पळूचो तो.